शोभाकाकूंचा डबा

गंधारच्या आईने, शोभाकाकूंनी, मला कधी रिकाम्या हाताने घरी पाठवलं नाही. क्लेटनला त्यांच्याकडे गेलं, की निघताना स्टीलचा डबा हातात पडायचाच. आणि डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून पुढच्या शनिवारी त्यात काहीतरी घालून मी पुन्हा हजर! दोन वर्षं आमचं प्रेम त्या डब्याबरोबर ये-जा करत होतं.

माझ्या आई-बाबांचा घटस्फोट झालाय, एवढंच मी त्या घरात सांगितलं नव्हतं. बाबा नोकरीसाठी ॲडलेडला असतात, असं मी म्हणायचे. आईचं तर इथल्या मराठी मंडळातही हेच चाललेलं. "तुझं लग्न ठरेपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणायची. पण गंधारलाही मी सांगितलं नाही, त्याचा दोष आईला कशाला देऊ? मी घाबरट आहे.

मग काकूंनी आई-बाबांना अष्टमीला मेहूण म्हणून बोलावलं. नवरा-बायकोच्या जोडीला कुंकू लावून देवीसमोर जेवू घालायचं, हा त्यांचा कुळाचार. जेवणानंतर आमच्या लग्नाचं बोलायचं ठरलं होतं. मी बाबांना फोन केला. ते सकाळच्या विमानाने आले, झब्बा घालून.

"दोन तासांचं तर काम आहे," म्हणाले.

आई गाडीत बाबांकडे न बघता बसली. गळ्यात मंगळसूत्र मात्र होतं. ते बघून मलाच लाज वाटली.

शेजारी शेजारी पाट मांडले होते, भोवती रांगोळी. बाबा ऐटीत बसले. काकू कुंकवाचा करंडा घेऊन आईपुढे वाकल्या आणि आईने त्यांचा हात धरला.

"नको, शोभाताई. आम्ही मेहूण नाही. वेगळे होऊन चार वर्षं झाली. माणसांशी खोटं बोलले, देवीपुढे नाही जमत."

बाबा मान खाली घालून उठले. काकू करंडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"घटस्फोटाचं काही नाही हो, नीलिमाताई," त्या म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या बहिणीचा झालाय. पण पाटावर बसेपर्यंत कुणी बोलला नाहीत?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मागच्या अंगणात गंधारने मला विचारलं, "आणि तू? दोन वर्षं?"

"मला वाटलं, तू म्हणशील, हिच्या आईबापांचंच टिकलं नाही, हिचं काय टिकणार."

"मी नो वरीज म्हटलं असतं गं, उर्वी. तेव्हा सांगितलं असतंस तर. आता तू काहीही बोललीस, की मला वाटेल, ॲडलेडसारखंच असेल."

मी रडले, भांडले, माफी मागितली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

पाटावरून उठलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून काकूंनी जेवण बांधून दिलं. एकाच गाडीतून आलो होतो, एकाच गाडीतून निघालो. बाबा आणि आई पुढे, मी मागे, लहानपणीसारखी. गंधारने खिडकीतून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत हॉटेलातून आलेले, धुऊन ठेवलेले प्लॅस्टिकचे डबे होते.

"परत करायची गरज नाही," तो म्हणाला आणि फाटक लावून आत गेला.