माझ्या वाट्याचा तुकडा

मी कादंबरी बोलतेय. ग्रीसमधल्या मितिलीनी बेटावरची, तीनशे बारा पानांची. पाठ खिळखिळी झालीय, तोंड मात्र शाबूत आहे. थापा मारणं हा माझा पिढीजात धंदा. तरी एवढं खरं माना.

माझ्यातलं कुटुंब जळत्या बंदरातून शिवणयंत्र घेऊन बोटीत चढतं. माझी पहिली मालकीण मरिगोबाई. त्याही दोन लेकरं घेऊन अशाच बोटीने या बेटावर आलेल्या. जत्रेत मला उभ्या उभ्या चाळताना त्या ओरडल्या, "अगं बाई, आमच्या घरातलं या लेखकाला कुणी सांगितलं?" आणि मला विकत घेऊनच घरी गेल्या. पुढे तर 'आमचंही शिवणयंत्र होतं' म्हणू लागल्या. मी कशाला खोडू?

मरताना त्यांनी लेकरांना नेम घालून दिला: नववर्षाच्या केकमधलं नाणं ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याच्याकडे मी वर्षभर. तीन वर्षं नाणं थोरल्या स्ट्राटिसलाच! त्याची बायको नाणं असेल तिथे वर खुणेची लवंग खोचायची आणि सुरी त्याच्याच हातात. धाकटी एवांथिया झुरायची. तिची नजर विझत चालली होती. ती पुरती विझण्याआधी तिला मला एकदा वाचायचं होतं.

यंदाही स्ट्राटिसने ताट फिरवून नेम धरला. "पहिला ख्रिस्ताचा, दुसरा घराचा, तिसरा माझा..."

"थांब दादा! कादंबरीचा विसरलास? आई तुझ्याआधी तिचा कापायची."

"पुस्तक केक खातं होय गं?"

"तू तीन वर्षं नाणी खातोस, ते चालतं?"

सगळे खो खो हसले. लाजेकाजेस्तव त्याने तिसरा तुकडा माझ्या नावाने कापला. नाणं टणकन बशीत! मरिगोबाईंनी असा तुकडा कधीच कापला नव्हता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मी माझीच मालकीण झाले. लगेच एवांथियाच्या मांडीत उडी मारली. तिच्या कोपराचा धक्का लागला, असं स्ट्राटिस म्हणतो. म्हणू दे.

तिने मला उघडलं, नाकापर्यंत नेलं आणि हळूच मिटलं. "उशीर झाला रे दादा. सगळ्या मुंग्याच दिसतात."

स्ट्राटिसने चष्मा पुसला. "दर रविवारी येऊन वाचेन. पण कॉफी गोड हवी."

सध्या आम्ही पान चाळीसवर अडकलोय.

"बोटीत एक बकरी होती," तो वाचतो.

"आपल्या बोटीत नव्हती!"

"होती गं! माझी टोपी खाल्ली तिने."

माझ्या बकरीने टोपीबिपी काही खाल्लेली नाही. तो मात्र तसं पेन्सिलीने समासात लिहून मोकळा झालाय.

तेव्हा बाबांनो, मला पुसूनबिसून काचेच्या कपाटात ठेवू नका. माझी बोट अजून सुटायचीय.