हात हलण्याआधी

ऋतुजाचं पत्र आलं तेव्हा परसातल्या चिंचेला हिरवे आकडे लोंबत होते. आता ती चिंच फोडून, मीठ लावून बरणीत बसली, तरी दत्तात्रेय सरांनी पत्राला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र काही हरवलेलं नव्हतं. ते टेबलावर शब्दकोशाखाली होतं आणि सर रोज एकदा शब्दकोश उचलून ते वाचत. उत्तरही कितीदा तरी लिहायला घेतलं होतं. 'चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद' इथपर्यंत हात झरझर चाले. पुढे पेन अडे, आणि कागद केराच्या डब्यात जाई.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. ऋतुजा पेणच्या शाळेतली त्यांची विद्यार्थिनी. आता ती एका विद्यापीठात संशोधन करत होती. लकवा झालेली माणसं व्यायाम अर्ध्यावर का सोडतात, त्यांच्या मनात नेमकं काय मोडतं, हा तिचा विषय. रोह्याला तिच्या गटानं काही महिन्यांसाठी जागा घेतली होती. गटात स्नायू आणि मज्जातंतूंचा अभ्यास करणारे होते, यंत्रं बनवणारे होते, मुलं भाषा कशी शिकतात हे तपासणारेही होते. सगळ्यांनी मिळून एक यंत्रमोजा तयार केला होता. लुळ्या हातावर तो चढवला की तो बोलून सूचना देतो आणि बोटांना आधार देतो. त्या मोज्याला नवा आवाज हवा होता. तिनं लिहिलं होतं, 'सर, आवाज तुमचा हवा. मी बोलायला शिकले ती तुमच्या तासाला.'

हे शेवटचं वाक्य सरांच्या घशाखाली उतरत नव्हतं. सगळी हयात त्यांनी मराठी शिकवलं, आणि सगळी हयात वर्गासमोर उभं राहिलं की त्यांच्या तोंडचं वाक्य मध्येच तुटायचं. घरी घोकून नेलेला धडा एवढ्या डोळ्यांपुढे आला की पुढचा शब्द कुठंतरी पळून जायचा. मग ते खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत राहायचे. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'विनंती थांबा', एसटीच्या पाटीवरून उचललेलं. सरांना ते ठाऊक होतं, आणि पोरांनी नाव अगदी योग्य ठेवलंय असंही त्यांना वाटे. ऋतुजाला दुसऱ्याच कुणाचा तरी तास आठवत असणार. ते कौतुक आपलं म्हणून घेणं म्हणजे शेजाऱ्याचं पार्सल फोडण्यासारखं होतं.

शेवटी फोन आला. तो नलिनीबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, घेतला. पलीकडून झुबेर नावाचा ऋतुजाचा सहकारी बोलत होता. उत्तर राहू द्या, शुक्रवारी सरांनी नुसतं बघायला यावं, एवढाच निरोप. नलिनीबाईंनी सरांकडे न बघताच 'येतील' म्हणून सांगून टाकलं. सर काही बोलणार तोच त्यांनी सुनावलं, की त्या शब्दकोशाचं बूड झिजलंय, त्याला एक दिवस तरी सुट्टी द्या.

शुक्रवारी रोह्याच्या गाडीत मोजकी माणसं होती. कासू स्टेशनात दोन बायका चढल्या आणि नेमक्या समोर बसल्या. एक उतारवयाची, ताठ मानेची, उजवा हात पदराखाली झाकलेला. दुसरी तिची सून. सरांनी सवयीनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पण कान काही झाकता येत नाहीत.

म्हातारी सुनेला बजावत होती की आजची खेप शेवटची. त्या मोज्यापायी सुनेच्या कामाचे खाडे होतात, आणि हात आहे तिथंच आहे. सून, तिचं नाव प्रतीक्षा, समजावत होती की डॉक्टर काय म्हणाले ते आठवा. आता सोडलं तर बोटं अशीच आखडून बसतील, मग कुणाच्या बापाला उघडायची नाहीत.

"बसू दे," म्हातारी म्हणाली. "ती मोज्यातली बाई. मी काय केलंच नाय नि ती म्हनते, छान प्रयत्न. येड्याची समजूत काढल्यासारी. मूठ तीच उघडते, तीच मिटते. मी आपली बगत बसते. मंग माजं काय काम हाय तितं?"

प्रतीक्षानं विषय बदलायला कुणाच्या तरी लग्नाचं काढलं, तर तेही वाकडंच पडलं. ठमाबाई, म्हणजे ती म्हातारी, पंचक्रोशीत लग्नाचे धवले गायची. नवरीला पहिली हळद तिच्या हातची. आता लग्नघरी तिला खुर्ची देतात बसायला, असं ती म्हणाली आणि खिडकीबाहेर खाडीच्या पाण्याकडे बघत राहिली. नागोठणं गेलं, निडी गेली. सरांनी पानही उलटलं नाही.

ती जागा धाटावच्या रस्त्याला होती. खाली मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान, वर लांबट खोली. ऋतुजानं वाकून नमस्कार केला, प्रवासाचं विचारलं, चहा दिला. पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही, त्यामुळे सर आणखीच ओशाळले.

झुबेर रोह्याचाच. वडील कुवेतला नोकरीला, आणि हा इथं तारा जोडून जोडून बोटं पोळून घेतलेला. त्यानं सरांना आधी मोजा दाखवला. मग विचारून त्यांच्या कोपराखाली दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक हिरवी रेघ आडवी सरकत होती.

"सर, मूठ उघडू नका," तो म्हणाला. "फक्त उघडायच्या बेतात या."

सर बेतात आले. हात टेबलावर होता तसाच होता. एक बोटही हललं नव्हतं. पण ती रेघ शहारली. वारा नसताना तळ्यावर तरंग यावा तशी उठली आणि पुन्हा निजली.

सरांनी हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पुन्हा बेतात आले. पुन्हा तरंग. झुबेर सांगत होता, की मेंदूतून हुकूम निघतो, मज्जातंतूंवरून धावत येतो, आणि स्नायूत विजेची अगदी बारीक लहर उठते. बाहेर काही दिसण्याआधी आत हे सगळं घडून गेलेलं असतं. लकव्याच्या हातातही पुष्कळदा हे उरलेलं असतं, फक्त फार क्षीण आणि फार उशिरा. सरांचं अर्धंच लक्ष होतं. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हा हात त्यांनी धुतला होता, वापरला होता, खडूनं पांढरा केला होता. त्याच्या आत जन्मभर कुणीतरी अशी हिरवी रेघ ओढत बसलंय, हे आज कळत होतं.

"अजून एकदा बघू का?" त्यांनी विचारलं, आणि आपण लहान मुलासारखं विचारलं म्हणून लाजले.

एवढ्यात ठमाबाई आणि प्रतीक्षा आत आल्या. ठमाबाईनं सरांना न्याहाळलं.

"अगो, ह्ये तर गाडीतले," ती सुनेला म्हणाली. "पेपर उलटा धरला व्हता यांनी, कासूपासून."

सगळे हसले. सरांनाही हसावं लागलं.

मोजा चढला, पट्ट्या लागल्या. मोज्यातून एक सफाईदार शहरी आवाज आला, 'कृपया आपली मूठ उघडा.' पडद्यावरची रेघ मेल्यासारखी आडवी होती. थोडा वेळ गेला आणि मोज्यानं आपणहून ठमाबाईची बोटं उलगडली. 'छान प्रयत्न,' आवाज म्हणाला. ठमाबाईनं सुनेकडे पाहिलं. बघितलंस ना, एवढाच त्या पाहण्याचा अर्थ होता. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तिनं मोजा काढायला सांगितलं.

ऋतुजानं काढला नाही. ती म्हणाली, आजी, एकदाच, आमचे सर सांगतील तसं करून बघा, मग जा. आणि तिनं माइक सरांच्या हातात दिला. कागदावर वाक्य लिहिलेलं होतं. ठमाबाई, मूठ उघडा. बस, एवढंच.

सर उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून शिकवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "ठमाबाई," ते म्हणाले, "मूठ…"

आणि म्हातारीचे डोळे त्यांच्यावर रोखलेले दिसले. आज हिचा हात उठला नाही तर ही कधीच परत येणार नाही, हे त्यांना गाडीतच कळलेलं होतं. पुढचा शब्द कागदावर होता, डोळ्यांना दिसत होता, पण तोंडात येईना. खाली दुकानात कुणी तरी इंजिन रेझ करत होतं, तेही थांबलं.

झुबेरचा हात बटणाकडे गेला. ऋतुजानं तो मनगटाला धरून थांबवला.

ठमाबाई पुढं झुकली. तिच्या कपाळावर आठी पडली, स्वतःसाठी नव्हे, समोरच्या माणसासाठी. तिचे ओठ हलले. आणि पडद्यावर रेघ शहारली. खाली बसली. पुन्हा उठली, या वेळी थोडी वर, थरथरत, पायरी सापडत नसलेल्या माणसासारखी. हात अजून तसाच निपचित होता. पण आत कुणीतरी निघालं होतं. सर आपलं अडकणं विसरले, वाक्य विसरले, श्वास घ्यायचं विसरले. रेघ चढत होती. मग अंगठा सरकला. मोज्याला ते कळलं, त्यानं नुसता हलका आधार दिला, आणि एकेक करून बोटं उलगडत गेली.

प्रतीक्षानं तोंडावर पदर दाबला होता.

"मास्तरांना बोलवत नव्हतं," ठमाबाई म्हणाली. "म्हनून मीच उगडली."

मग आपल्या तळव्याकडे, अनोळखी माणसाच्या तळव्याकडे बघावं तसं बघत ती म्हणाली, धवल्यात तरी काय असतं, एकीला ओळ आठवली नाही तर दुसरीनं उचलायची, गाणं पडू द्यायचं नाही.

"मास्तर," तिनं मान वर केली, "अजून एकदा अडका बगू."

आता गंमत अशी, की सर मुद्दाम अडकायला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अस्खलित निघालं. रेघ ढिम्म हलली नाही. ठमाबाईनं नापसंतीनं मान हलवली. झुबेर हसू लपवायला तारांत तोंड खुपसून बसला. त्या हसण्यानं सर गोंधळले, पुढच्या खेपेला 'ठमा' इथंच थबकले, आणि रेघ पुन्हा उठली. जाताना ठमाबाईनं सुनेला विचारलं, मंगळवारची गाडी कितीची.

त्या गेल्यावर सरांना राहवलं नाही. ऋतुजाचा गैरसमज दूर करायलाच हवा होता. ते म्हणाले की तिनं पत्रात लिहिलं ते खरं नाही, वर्गात ते काही शिकवण्याची पद्धत म्हणून थांबत नव्हते, त्यांना नुसतं सुचत नव्हतं.

"आम्हाला माहीत होतं, सर," ऋतुजा म्हणाली. "आमचं वर्गात ठरलेलं होतं. सर अडकले की कुणीतरी बोलायचं. मी सगळ्यात मागे बसायचे, घरच्या बोलीला मुलं हसायची म्हणून तोंड उघडत नव्हते. पण एकदा कुणीच बोलेना, आणि तुमच्याकडे बघवेना."

तिनं पुढं सांगितलं, की एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही. असं का होतं ते तिला आजही नीट सांगता येणार नाही, स्नायूवाल्यांना एक दिसतं, भाषावाल्यांना दुसरं. ते पुष्कळ हातांवर तपासावं लागेल. त्यासाठीच आवाज हवा. झुबेर म्हणाला, ध्वनिमुद्रणातलं अडखळणं साफ करणं त्याच्या डाव्या हातचा मळ आहे. सरांना केवढं हायसं वाटलं. पण ऋतुजानं मान हलवली. अडखळणं राहायला हवं, नव्हे, तेच हवं. उद्या हा मोजा गावोगाव गेला तर सर गावोगाव अडखळतील, अनोळखी माणसांपुढं, ते स्वतः नसतील तेव्हाही. नको वाटलं तर त्यांनी खुशाल नाही म्हणावं.

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. ऋतुजा थांबून राहिली, अजिबात घाई न करता.

"पत्रानं कळवतो," सर म्हणाले.

यावर झुबेर इतका हसला की शेवटी सरही हसले.

परतीच्या गाडीत त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. समोर एक बाई पेंगत होती, एक पोरगा मोबाइलवर बोट फिरवत होता, कुणी शेंगा सोलत होतं. सर प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. मग त्यांना जुने वर्ग आठवले, बाकावरची ती गप्प, खाली मान घातलेली पोरं. त्या सगळ्या शांततेत, ती आपल्याला रिकामी वाटत होती त्या शांततेत, एवढ्या रेघा शहारत होत्या, चढत होत्या. त्यांच्या अंगावर काटा आला.

घरी चपला काढून ते थेट टेबलाशी बसले. 'चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद' इथं पेन नेहमीप्रमाणे अडलं. सर घाबरले नाहीत, थांबून राहिले. मग खाली लिहिलं, 'आवाज घ्या. अडखळलेलं काढू नका. ठमाबाईंना मंगळवारी माझा नमस्कार सांग.' नलिनीबाईंनी पाठीमागून वाचलं आणि एवढंसं लिहायला एवढे महिने, असं म्हणून तिकीट शोधायला गेल्या.

सकाळी सर पेणच्या पोस्टासमोर उभे राहिले. पत्र पेटीच्या तोंडात अर्धं गेलं आणि हात थबकला. त्या गावोगावच्या माणसांचे डोळे दिसले. मागे कुणीतरी रांगेत उभं होतं, खाकरलं. सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. सदऱ्याच्या बाहीखाली काही दिसत नव्हतं, पण रेघ उठली असणार, खाली बसली असणार, पुन्हा चढत असणार.

मग बोटं उघडली.