जागच्या जागी

आमच्या ऑफिसात एकाला सगळे 'शिस्त' म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. आमचे सगळे लिनक्स सर्व्हर त्याच्या ताब्यात. पूर्वी ज्याला जे सुचेल ते तो सर्व्हरवर शिरून हाताने करायचा. त्यामुळे दोन सर्व्हर कधी एकसारखे नसायचे, आणि एखादा कोसळला की तो आधी कसा होता हे कुणालाच सांगता यायचं नाही. शिस्तने ते मोडून काढलं. सर्व्हर कसा असावा ते त्याने फायलींत कोड म्हणून लिहिलं. आता एक प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने सगळ्या सर्व्हरांवरून फिरतो, फायलीत आहे तसंच तिथे आहे का बघतो, आणि नसेल तर तसं करून टाकतो. मी ग्राहकांच्या तक्रारी बघते. हे सगळं कानावर होतं, पण अंगावर येईपर्यंत कोण लक्ष देतो?

त्या सकाळी एका दवाखान्याचा फोन आला. त्यांचे एक्स-रे अपलोड होत नव्हते. फायली मोठ्या आणि सर्व्हरवरची मर्यादा लहान, एवढंच. मी सर्व्हरवर शिरले, मर्यादा वाढवली, एक्स-रे चढले, दवाखान्यातल्या बाईंनी तोंडभरून आभार मानले. थोड्या वेळाने त्याच बाईंचा फोन. पुन्हा अडलं. बघते तर मर्यादा जुनीच! सेव्ह करायला विसरले असेन म्हणून परत वाढवली. जेवायच्या आधी पुन्हा येरे माझ्या मागल्या, आणि या वेळी बाईंच्या आवाजात आभार नव्हते.

मी तापट आहे हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेव्हा राग आला नाही, भीती वाटली. मी खरंच केलं होतं, की केलं असं नुसतं वाटलं होतं? हे बोलणं मी गेले काही महिने घरी रोज ऐकत होते.

"मी इथेच ठेवलं होतं गं." साखरेचा डबा, चष्मा, औषधांची पेटी. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि हे सुरू झालं. नवरा आधी चेष्टा करायचा, "आई, काखेत कळसा आणि गावाला वळसा!" त्याही हसायच्या. मग त्यांनी हसणं सोडलं. मग गॅसपाशी जाणं सोडलं, न जाणो चालूच राहिला तर. घराची किल्लीसुद्धा आपणहून माझ्या हातात दिली. "माझा आता माझ्यावर भरवसा नाही," म्हणाल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला शेवटी पोटची मुलंही ओळखू येईनात. आपलंही तसंच होणार, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली होती, आणि शनिवारनंतरचं काही विचारलं की त्या विषय बदलायच्या.

मी शिस्तच्या टेबलाशी गेले. "मला काहीतरी झालंय रे. मी बदलते आणि ते परत जुनं होतं."

त्याने मान वर केली नाही. "हाताने केलंस?"

"मग काय पायाने करू?"

"फायलीत लिहायचं. फायलीत नाही ते चूक. प्रोग्रॅम येऊन दुरुस्त करतो."

"आणि सांगत नाही?"

"दिवसभर तेच चालू असतं. कुणाकुणाला सांगणार?"

आता मात्र तिडीक डोक्यात गेली. "अरे, मला वाटलं मी भ्रमिष्ट झाले! करा दुरुस्त, पण एकदा सांगा तरी, की बाई गं, तू हलवलंस आणि मी परत ठेवलं!"

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. आणि माझी जीभ त्या शेवटच्या दोन शब्दांवर अडकली. परत ठेवलं. आमच्या घरी हेच काम कोण करतं, ते मला पक्कं माहीत होतं.

दवाखान्याची मर्यादा फायलीत लिहून घेतली आणि मी लवकर घरी गेले. साखरेचा डबा खालच्या फळीवर होता.

"आई, हा तुम्ही इथे ठेवलात?"

"ठेवला होता बहुतेक," त्या चाचरत म्हणाल्या. "वर हात नेला की खांदा दुखतो."

"आता इथेच बसू या. काही बोलायचं नाही."

संध्याकाळी नवरा आला. रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या घालत त्याने डबा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवला. खिडकीतला चष्मा टेबलाच्या खणात, औषधांची पेटी कपाटात. त्याचं बोलणं एकदाही थांबलं नाही. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"डबा तू वर ठेवतोस?" त्यांनी विचारलं.

"हो. जागाच आहे ती त्याची."

"रोज?"

"रोजच. का गं आई?"

आपण काही हलवतो असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. तो तर जागेवर ठेवत होता. मलाही त्याचा नीटनेटकेपणा सोयीचा, म्हणून मीही कधी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"म्हणजे मी विसरत नव्हते," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून पुन्हा तेच म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणताना रडू लागल्या. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो त्यांच्या पायाशी खालीच बसला. "अगं, मला विचारायचंस ना!"

"काय विचारणार? मला वाटलं माझंच डोकं गेलं." त्यांनी डोळे पुसले आणि त्याच्या टाळक्यात हलकी टपली मारली. "शनिवारची वेळ राहू दे. याला दाखवून आण."

दुसऱ्या दिवशी शिस्त माझ्या टेबलाशी आला आणि प्रोग्रॅम बदलल्याचं त्याने सांगितलं. आता काही बदललेलं दिसलं की प्रोग्रॅम आधी ज्याने बदललं त्याला कळवणार होता, मगच हात लावणार होता. "कटकट वाढली," तो म्हणाला. वाढू दे.

घरी त्या संध्याकाळी नवऱ्याचा हात सवयीने डब्याकडे गेला. डबा उचललासुद्धा. मग तो तसाच उभा राहिला.

"आई, हा कुठे ठेवू?"

"खाली," आतून आवाज आला.

त्याने डबा खाली ठेवला. सासूबाई बाहेर आल्या, फळीकडे एकदा बघितलं, आणि गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं. मग माझ्यापुढे तळहात पसरला.

"माझी किल्ली दे."