पायगुण

“बाटली भरण्याआधी काठावर कोण पाणी पितंय ते बघ,” असं तिचे सर सांगायचे. प्रदूषण मंडळासाठी खाणीखालच्या ओढ्यावर पाण्याचे नमुने घेताना ते तिच्या कानात घुमलं. काठावर ना पाखरू, ना बेडूक. पाणी मात्र नितळ, आणि तिचा तपासणी अहवालही दरवेळी स्वच्छ.

“बघा मॅडम, आरसाच!” खाणीचा व्यवस्थापक हसला. “लोक उगाच आमच्या नावाने खडे फोडतात.”

“मग हे दगड पिवळे कसे?”

“जुना गंज असेल,” म्हणत त्याने नजर चुकवली.

परतताना ती काठावर राहणाऱ्या मावशीकडे डोकावली. मावशीच्या हातांवरचं पुरळ कोपरापर्यंत चढलं होतं.

“तुझा पायगुण चांगला गं! तू यायची असलीस की आदल्या दिवशीच पाणी निवळतं. गेलीस की पुन्हा गढूळ. नातवंडांना पाजू की नको, तेवढं सांग.”

तिच्या मनात पाल चुकचुकली. खाणीच्या फाटकाच्या पाससाठी ती दरवेळी व्यवस्थापकाला आधी कळवत होती.

“खरं काय ते मी सांगेन मावशी. तोवर पाजू नकोस.”

पुढच्या आठवड्यात तिने कुणालाच कळवलं नाही. उजाडताच रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून ती मावशीच्या परसातून ओढ्याकडे उतरली.