थंडेश्वर महाराजांची नाडी

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात सुरतजवळच्या उधन्याच्या एका पत्र्याच्या शेडपुढे भर दुपारी शंभरेक माणसं उभी होती. सगळी कापडाच्या लूमवरची, बहुतेक खानदेशची, मीही त्यांतलाच. आत थंडेश्वर महाराज काळजातली हडळ काढत होते.

आधी माणसाला पेटत्या धुनीशी पाव तास बसवत. मग शिष्य मनगट धरून ठोके मोठ्याने मोजी. एकशे अठरा. गर्दी हबकायची. महाराज सांगायचे, ही हडळ भुसावळहून विनातिकीट आली आहे. मग आतल्या खोलीत कूलरसमोर, बर्फाच्या लादीवर हात ठेवायला लावून दुसरा शिष्य मंत्र म्हणे. ठोके ऐंशी, हडळ पसार. माझी तर सत्तरलाच पळाली, आणि त्याचा मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

महाराज आल्याच्या चौथ्या दिवशी इंदुबाईने आपल्या रंजनाला आणलं. वीस वर्षांची पोर, तीन दिवस तापाने फणफणलेली. बर्फावर हात ठेवूनही तिचे ठोके एकशे तीसच्या खाली येईनात. हडळ जुनी आहे म्हणत महाराजांनी तिला पुन्हा धुनीशी बसवायला काढलं.

तेवढ्यात इंदुबाईच्या शेजारच्या प्रमिलाबाई आल्या. त्या पालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी रंजनाचा ताप पाहिला. पारा एकशे चारवर. त्या भांडल्या नाहीत. महाराजांना नमस्कार करून त्यांचीच नाडी पाहायची परवानगी मागितली. एवढ्या भक्तांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. महाराज सकाळपासून धुनीशीच बसलेले. बाईंनी घड्याळ लावून मोठ्याने मोजलं. एकशे चोवीस.

"म्हणजे मोठी हडळ महाराजांच्यातच," मागून लोटू कारागीर म्हणाला. लोक हसले.

"हडळबिडळ काही नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हृदयात आपोआप विजेची बारीक ठिणगी पडते, तिच्या तालावर ठोका पडतो. अंग तापलं की ठिणग्या भराभर पडतात, निवलं की सावकाश. धुनीशी बसवा, कुणाचीही नाडी धावेल. हिचा ताप मात्र आजाराचा आहे. आजार बरा झाल्याशिवाय नाडी उतरायची नाही."

इंदुबाईने रंजनाला धुनीपासून मागे ओढलं. "बाई, मनी पोर वाची ना?"

"वाचेल पोर तुमची, आत्ता निघालात तर."

लोटूने रिक्षा आणली. दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. रंजना पंधरा दिवसांनी घरी चालत आली. महाराज त्याआधीच कूलरसकट गायब झाले होते.

तेव्हा मंडळी, नाडी धावली तर का धावली, हे विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो बाबा.