चिपसमोरची हिरवी पुडी

शिंचू शहरातल्या त्या चिपच्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्रावर नारळाच्या चवीच्या खाऊची एक हिरवी पुडी असे. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, फोडायची नाही, तारीख उलटायच्या आत बदलायची, हे नियम नव्या इंजिनिअरला आगीच्या सूचनांच्याही आधी सांगत. विश्वास कुणाचाच नव्हता. पुड्या मात्र कधी संपू दिल्या नव्हत्या.

इंजिनिअर चान शू-मिन हिची पुडी चाचणीच्या खोलीत, एसीच्या झोताखाली दोऱ्याने टांगलेली होती. तिची चिप मेंदूच्या धर्तीवर बांधलेली: आतल्या कृत्रिम चेतापेशी एरवी गप्प, कॅमेऱ्यासमोर काही हललं तरच जाग्या होणार. म्हणून घड्याळाच्या सेलवर ती तीन वर्षं चाले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी ती लावायची. माणूस पडला की तिने घंटा वाजवायची. शू-मिनची चार वर्षं त्यात गेली होती. गुरुवारी पाहुण्यांसमोर घंटा वाजली तर पुढचा निधी. नाहीतर प्रकल्प बंद आणि तिची रवानगी चार्जर विभागात.

पडायचं काम आ-तेकचं. पन्नाशीचा हा तंत्रज्ञ आजवर चारशे वेळा गादीवर पडला होता आणि तीनशे ब्याण्णव वेळा घंटा वाजली होती.

गुरुवारी सकाळी संचालक यान डोकावले आणि त्यांनी पुडी काढायला लावली. पाहुणे परदेशी, ते काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये तीन पुड्या होत्या, पण तिथे पाहुणे जाणार नव्हते.

तालमीला आ-तेक पडला. घंटा गप्प. पुन्हा पडला. पुन्हा गप्प.

"शू-मिनताई, माझ्या पडण्यात काही उणं राहतंय का?" त्याने गादीवरूनच विचारलं.

तिने वायरी तपासल्या, सेल बदलला. शेवटी काहीच सुचेना म्हणून पुडी परत टांगली. आ-तेक पडला. घंटा वाजली. काढली, गप्प. टांगली, वाजली. आ-तेकने पुडीला हात जोडले.

शू-मिनने पेशींचे आलेख उघडले. एसीच्या वाऱ्याने पुडी कॅमेऱ्यासमोर सतत थरथरत असे. त्या थरथरीने पेशी अर्धवट जाग्या राहत आणि माणूस पडला की पुरत्या जाग्या होत. चिप शिकली होती ती पुडीसकट. पुडीविना तिला माणूस पडल्याचंही काही वाटत नव्हतं.

"राहू दे टांगलेली," आ-तेक म्हणाला. "सजावट आहे म्हणून सांगू."

"आणि म्हातारीच्या घरी?"

"तिथेही टांगू."

"नातवंडांनी खाल्ली तर?"

यावर आ-तेक गादीची घडी घालू लागला.

पाहुणे यायला तासभर असताना तिने संचालकांना बोलावून दोन्ही प्रकार करून दाखवले. त्यांनी पुडीला बोटाने हलकेच झोका दिला.

"म्हणजे पुडी खरंच काम करते?"

"करते, सर. म्हणूनच चिप अजून तयार नाही."

पाहुण्यांना इमारत दाखवली, उत्तम जेवण घातलं आणि चिपचं पुढच्या खेपेला बघू, असं सांगून निरोप दिला. मग संचालकांनी पुडी उलटी करून मागची तारीख वाचली. अठरा मार्च.

"त्या दिवसापर्यंत ही नसताना घंटा वाजली पाहिजे. नाहीतर चार्जर."

ते गेल्यावर शू-मिनने दोरा कापला. पुडी फेकायला ती टोपलीपर्यंत गेलीही. मग परत आली आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने तिने ती चिपच्या मागे ठेवली.