उजव्या कडेवरचं बाळ

मी युरोपातल्या क्रेम्निका गावचा थालर, म्हणजे चांदीचं जुनं नाणं बोलतोय. माझ्यावरच्या मेरीमातेला आता नाकडोळे उरलेले नाहीत. संग्रहालयात लोक काचेपलीकडून वाकून बघतात, "अरेरे, किती झिजलंय!" म्हणतात आणि पुढे सरकतात. झिजलो कसा, ते कुणी विचारत नाही.

आमच्या टांकसाळीत ठसे कोरायचा तो कास्पर. ठशावर चित्र उलटं कोरलं, की नाण्यावर सुलटं उमटतं. हे काम तो डोळे मिटूनही करायचा. पण तेव्हा त्याची बायको दोरोता हिचे दिवस भरत आले होते. आधीची दोन बाळं गेलेली, त्यामुळे गड्याचं सगळं चित्त घराकडे. त्याने चित्र सुलटंच कोरलं! आमच्याकडे मेरीमातेच्या डाव्या कडेवर बाळ असतं. आम्ही पडलो ते उजव्या कडेवर बाळ घेऊन. टांकसाळीच्या प्रमुखाने कपाळाला हात लावला आणि आम्हाला परत मुशीत वितळवायला सांगितलं.

तेवढ्यात निरोप आला, दोरोता अडली आहे. अडलेल्या बाईच्या मुठीत चांदीची मेरीमाता द्यायची, ही आमच्या गावची रीत. कास्परच्या घरी कसली आलीय चांदी! टांकसाळीतून चांदी उचलणाऱ्याचा हात तोडत, हे ठाऊक असूनही त्याने मला उचललं आणि धूम ठोकली.

दोरोताने मला मुठीत आवळलं. मी घणाचे घाव खाल्लेला गडी, पण तसली पकड मला माहीतच नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत तिने मूठ सोडली नाही. मग बाळ रडलं. खरं सांगतो, मी थक्क झालो. एवढं बळ त्या वाळक्या हातात आलं कुठून?

दारात प्रमुख उभा होता. "नाणं दे," तो म्हणाला.

दोरोताने मूठ उघडली. तिच्या तळव्यावर मेरीमाता लालबुंद उमटली होती आणि बाळ होतं डाव्या कडेवर.

प्रमुखाने वाकून तो तळवा पाहिला. मग हळूच म्हणाला, "ठसा बरोबर आहे, कास्पर. राहू दे तिच्याकडे."

माझी भावंडं मुशीत गेली, मी एकटा उरलो. पुढे गल्लीतली प्रत्येक अडलेली बाई मला मागवून घ्यायची. किती मुठी झाल्या, मोजदाद नाही. माझ्या मेरीमातेचे नाकडोळे त्या तळव्यांवर गेले.

तेव्हा माझ्यापाशी थांबलात, तर अरेरे म्हणू नका. आईचा हात एकदा हातात घेऊन बघा.